पाचवं तिकीट

सगळा घोटाळा सरुबाईच्या हातामुळं झाला. तोंडामुळं झाला असता तर महिपती मास्तरांनी तो निस्तरला असता, कारण बायकांच्या तोंडून येईल ते सगळं मास्तर गेली सहा वर्षं वहीत उतरवूनच घेत होते. मास्तर बारामतीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि दर रविवारी एसटीनं इंदापूरच्या अंगाला जाऊन भीमेकाठच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचे. दोनशे पानी अकरा वह्या भरल्या होत्या. प्रत्येक ओवीला नंबर, गाणारणीचं नाव, गाव आणि शेवटी विषयाचा रकाना. विषय चार: देव, माहेर, भाऊ, सासुरवास. चौदाशे अकरा ओव्या या चार खणांत बसवल्या होत्या, आणि पाचवा खण लागेल असं काही बायकांच्या मनात असू शकतं, यावर मास्तरांचा विश्वास नव्हता.

त्यातल्या चारशे ओव्या एकट्या पळसदेवच्या सरुबाईच्या. वहीत प्रत्येक गाणारणीचं एक पान होतं आणि त्यावर विषयवार नोंद असे; तिथं सरुबाईच्या नावापुढं 'भाऊ' हा रकाना मात्र कोरा होता. मास्तरांनी एकदा विचारलंही.

"मला भाऊ न्हाय, गुरुजी," ती म्हणाली. "नसल्याली गोष्ट कशी गाऊ? जात्याम्होरं खोटं बोलत न्हाईत."

मास्तरांनी रकान्यात 'निरंक' असं लिहून टाकलं. मास्तरांना मोकळी जागा बघवत नसे.

छप्पन सालच्या फेब्रुवारीत युगोस्लाव्हियातून पत्र आलं. मास्तरांचा एक लेख तिकडच्या कुणा पंडितानं वाचून घेतला होता. मे महिन्यात आमच्याकडं लोकगीतांचा आंतरराष्ट्रीय उत्सव आहे, चार गाणारणी आणि एक पथकप्रमुख अशा पाचांची विमानाची तिकिटं आम्ही देऊ, जरूर यावं, असा मजकूर होता. मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा सगळं वाचलं, तिसऱ्या वेळी नुसतं 'पथकप्रमुख' एवढंच वाचलं.

बातमी गुप्त ठेवायची असं ठरवून त्यांनी ती फक्त शेजारच्या मोहनरावांना सांगितली. बारामतीत एखादी गोष्ट दवंडीशिवाय पोचवायची असेल तर हीच रीत होती. मोहनराव लढाईच्या काळात बसऱ्याला कोठीवर कारकून होते. त्यामुळं परदेश या विषयात त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

"लोकर," मोहनराव म्हणाले. "मास्तर, बाकी काही न्या, नेऊ नका. पण लोकर पाहिजे. मी बसऱ्याला असताना लोकर नव्हती."

"पण बसऱ्याला तर ऊन असतं ना?"

"तरी मला सर्दी झाली. थंडी असती तर विचार करा काय झालं असतं."

मास्तरांना हा युक्तिवाद पटला. मास्तरांनी गेणबा शिंप्याकडं लोकरीचा सूट शिवायला टाकला. गेणबानं जन्मात सूट शिवला नव्हता, पण पोलीसपाटलाचा कोट शिवला होता. त्यामुळं मास्तरांच्या कोटाला पट्टा अडकवायच्या दोन कड्या जादा आल्या, आणि पाटलोण सावरायचं कामही त्याच पट्ट्यावर आलं. वर घालायला पुण्याहून विलायती हॅट आणवली. मास्तरांच्या पत्नी सिंधुबाई हॅटकडं बराच वेळ बघून म्हणाल्या, "आल्यावर हिच्यात लसूण ठेवता येईल." सिंधुबाई प्रत्येक वस्तूचा शेवट आधी बघून ठेवत.

मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, अठरा हार आणि सात भाषणं. "मास्तरांनी बारामतीचं नाव सातासमुद्रापलीकडं नेलं," असं सातही वक्ते भूतकाळात बोलले. मास्तरांनी डोळे पुसले. त्या क्षणापासून परदेशी जाणं ही मास्तरांची हौस राहिली नाही. आता न जाणं म्हणजे सात भाषणं आणि अठरा हार परत घ्या म्हणून दारोदार फिरणं होतं, आणि तेवढी छाती त्यांच्यापाशी नव्हती.

यानंतर पंधरा दिवसांनी पहिली तालीम झाली आणि सरुबाईचा हात आडवा आला.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये होती. सरुबाई, तिची सून छबूबाई, शेजारच्या चंद्राबाई आणि प्रयागबाई अशा चौघी बाकावर ओळीनं बसल्या. मास्तरांनी हात वर केला. सरुबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"म्हणा ना," मास्तर म्हणाले.

"येत न्हाय."

"चारशे ओव्या सांगितल्यात तुम्ही मला."

"तवा दळत हुते की. हातात खुंटा असला की ववी येती. बाकावर बसून कशी यावी?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. खरंच, सहा वर्षांत एकही ओवी त्यांनी दळण चालू नसताना ऐकली नव्हती. ते वहीत बघून लिहीत होते, जात्याकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. चौदाशे अकरा ओव्यांच्या जाणकाराला ही गोष्ट आता कळावी, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी सरुबाईच्या हातात छडी दिली, छत्री दिली. शेवटी हेडमास्तरांच्या खोलीतला पृथ्वीचा गोल आणून पुढं ठेवला. सरुबाईनं गोलाला हात लावून तो फिरवला. युगोस्लाव्हिया तीनदा डोळ्यांसमोरून गेला. गणपतीच्या ओवीचा अर्धा चरण बाहेर आला आणि अडकला.

"लई हलका हाय," सरुबाई म्हणाली. "ह्यात काय दळायचं?"

तेव्हा जातं न्यायचं ठरलं. सरुबाईच्या घरचं जातं तिच्या सासूच्या सासूनं आणलेलं, वजन एक मण तीन शेर. रिकामं जातं फिरवत नाहीत, म्हणून बरोबर पायलीभर जोंधळाही न्यायचा. मोहनरावांनी पिठाची गिरणी नेण्याची सूचना केली, कारण त्यामुळं आपल्या देशाची प्रगती दिसेल. मास्तरांनी ती नम्रपणे बाजूला ठेवली.

दगड देशाबाहेर न्यायचा तर दाखला हवा. ज्या कचेरीत तो मिळतो तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथं माझाही एक कागद गेली काही वर्षं विसावला आहे. तिथल्या साहेबांना जातं हे यंत्र की खनिज, असा पेच पडला. मास्तर म्हणाले वाद्य. साहेब म्हणाले, वाद्य असेल तर वाजवून दाखवा. मग जातं बैलगाडीतून कचेरीत आलं. सरुबाई आणि छबूबाई समोरासमोर बसल्या, मूठभर जोंधळा टाकला, खुंटा धरला आणि ओवीमागून ओवी सुरू झाली. कारकून टेबलं सोडून उठले. साहेबांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून ते म्हणाले, "जोंधळ्यावर वाजतं, पण गव्हावर वाजेल का, हे बघावं लागेल." दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घरून गहू आला. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कची हरभऱ्याची डाळ, चौथ्या दिवशी नाझरांची बाजरी. अशी आठ दिवस शास्त्रशुद्ध तपासणी होऊन सगळ्यांच्या घरचं दळण झालं, तेव्हा जातं वाद्य असल्याबद्दल साहेबांची खात्री पटली.

"आता हा फारम भरा," साहेब म्हणाले.

फारमात जात्याचं वय विचारलं होतं, मास्तरांनी अदमासे शंभर लिहिलं. शेवटी 'पथकातील स्थान व आवश्यकता' असा मोठा रकाना होता. मोठा रिकामा रकाना दिसला की मास्तरांचं काय होत असे हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातून आठ दिवसांचा राग होता. त्यांनी लेखणी बुडवली आणि लिहिलं: 'सदर जाते हे केवळ वाद्य नसून या पथकाचा प्रमुख कलावंत आहे. त्याच्याविना एकही स्वर उमटणे नाही. बाकी कोणी नसले तरी एक वेळ चालेल, परंतु जाते हे गेलेच पाहिजे.' खाली झोकदार सही केली आणि घरी येऊन मजकूर सिंधुबाईंना पाठ म्हणून दाखवला.

"बाकी कोणी म्हणजे कोण?" सिंधुबाईंनी विचारलं.

"तसं लिहायची एक पद्धत असते," मास्तर म्हणाले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळी मुंबईच्या विमानतळावर पोचली. उन्हानं डांबर वितळत होतं आणि मास्तर लोकरीत होते. सरकारनं आणखी तीन प्रांतांची पथकं पाठवली होती, आणि सगळ्यांना सांभाळायला एक दुभाषा होता. सभ्य गृहस्थ. त्याला मराठी येत होतं, तिकडची भाषाही येत होती. मास्तरांना उगीचच तो आवडला नाही.

सामानाच्या काट्यावर आधी मास्तरांची ट्रंक गेली. तिच्यात त्यांचे धोतरजोडे, सदरे आणि भाषणाचा कागद होता. ट्रंक आत गेली. मग जातं आलं. चार हमालांनी ते काट्यावर ठेवलं तेव्हा काटा एकदा पुढं गेला आणि पुन्हा हलला नाही.

"हे पोटात जाईल," तिथला अधिकारी म्हणाला.

"कुनाच्या?" सरुबाईनं विचारलं.

"विमानाच्या. खाली सामानाची जागा असते. वर माणसं बसतात."

सरुबाईनं थोडा विचार केला. "म्हंजी आमी वर पाय सोडून बसायचं, आन जातं आमच्या पायाखाली?"

"तसंच असतं, बाई."

"तसं न्हाय चालायचं. ती लक्षुमी हाय. पाय लागला तर आमी पाया पडतो तिच्या. आन चार दिस तिच्यावर पाय ठिवून बसू व्हय?"

चौघींनी माना हलवल्या. प्रयागबाईंनी तर खाली बसून जात्याला हात टेकून नमस्कार केला, म्हणजे वाद संपलाच. अधिकारी समजूतदार होता. तो म्हणाला, दोन दगड वेगळे करून एकेक मांडीवर घेता येईल. सरुबाईनं त्याच्याकडं नुकत्याच लग्न मोडायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. वरला आणि खालला दगड वेगवेगळे करून जातं घराबाहेर काढत नाहीत, घरात फूट पडते, हे तिनं त्याला सांगितलं, आणि वर त्याच्या घरी जातं आहे का, असंही विचारलं.

"मग एकच उपाय," अधिकारी म्हणाला. "याला सीट द्यायची. तिकिटं पाच आहेत."

"पाच आहेत आणि माणसंही पाच आहेत," मास्तर घाईनं म्हणाले. "मी पथकप्रमुख."

अधिकाऱ्यानं कागद उलटे केले. एका कागदाशी थांबून तो सावकाश वाचू लागला. मास्तरांनी आपलं अक्षर लांबूनही ओळखलं. "'बाकी कोणी नसले तरी एक वेळ चालेल.' हे आपणच लिहिलंय ना?"

"मीच लिहिलंय. पण त्यात अलंकार आहे."

"सही आहे," अधिकारी म्हणाला. "प्रमुख कलावंत यांना बसू द्या. मंडळींना सांभाळायला दुभाषे आहेतच."

'यांना' हा शब्द मास्तरांना विशेष झोंबला. आयुष्यात त्यांना स्वतःला कुणी सरकारी माणसानं 'यांना' म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात सरुबाईनं पदर खोचला. "गुरुजी न्हाय तर आमी बी न्हाय. छबू, उचल गाठुडं. चला गावाकडं, धसकटं येचायची पडल्यात."

आणि खरोखर चौघी उठल्या. मास्तरांना एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. मग कुणीच गेलं नसतं. बारामतीत सांगता आलं असतं की सरकारनं ऐनवेळी दौराच रद्द केला, आणि हार परत करायची वेळ आली नसती. मास्तरांनी जात्याकडं पाहिलं. त्यांना भयंकर राग आला होता, आणि तो दगडावर काढता येत नाही, याचंही दुःख होतं. मग त्यांना सहा वर्षांतले रविवार आठवले. आपण लिहिलेलं निम्मं खरं होतं, बाकी कुणी नसलं तरी चालणारच होतं, हे त्यांना उमगलं, आणि ते फार कडू लागलं.

"सरुबाई, तुम्ही जा," ते म्हणाले. "या ओव्या तिकडं पोचल्या पाहिजेत. मी काय, वही घेऊन बसणारा माणूस."

"खरं सांगताय?"

"जात्यापुढं उभा आहे," मास्तर म्हणाले.

विमानात नेऊन जात्याला पट्टा बांधायची परवानगी मात्र त्यांना मिळाली. पट्टा अपुरा पडला, तेव्हा मास्तरांनी आपल्या कमरेचा पट्टा काढून दिला. गेणबानं शिवलेल्या कड्या अशा रिकाम्या झाल्या. मास्तर एका हातानं पाटलोण आणि दुसऱ्या हातानं हॅट धरून खाली उतरले. विमान उडाल्यावर त्यांना आठवलं की आपली ट्रंकही गेली. ती लक्ष्मी नसल्यामुळं तिच्याविषयी कुणी काही बोललं नव्हतं.

बारामतीला जाणं शक्य नव्हतं. तीन आठवडे कुठं तरी दडून काढायचे होते. मास्तरांनी खूप विचार करून मोरगाव निवडलं, कारण तिथं सिंधुबाईंची मावशी राहत होती आणि तिला कमी दिसायचं. या निवडीत एक चूक होती. मोरगावच्या गणपतीला दर चतुर्थीला निम्मी बारामती येते. हे मास्तरांना ठाऊक होतं, पण अपमान झालेल्या माणसाला पंचांग आठवत नाही.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी मास्तर मावशीसाठी शेळीचं दूध आणायला निघाले. मावशीच्या घरात पुरुषाचा एकही कपडा नव्हता, त्यामुळं अंगात सूटच होता, कमरेला सुतळी आणि उन्हासाठी हॅट. देवळाच्या कोपऱ्यावर समोरून मोहनराव आले. दोघं थांबले. पळायचं तर हातात दूध होतं.

मोहनरावांनी सूट पाहिला, हॅट पाहिली, दुधाचा तांब्या पाहिला. हा माणूस आता काय बोलतो, या धास्तीनं मास्तरांना लोकरीतही थंडी वाजली.

"काय मास्तर," मोहनराव म्हणाले, "तिकडं हवा कशी आहे?"

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे."

"लोकरीचा उपयोग झाला ना?"

"झाला."

"बघा," असं म्हणून मोहनराव दर्शनाला गेले, आणि संध्याकाळच्या एसटीनं बारामतीत उतरल्यावर त्यांनी सांगितलं, की मास्तर युगोस्लाव्हियातून चतुर्थीपुरते येऊन लगेच परत गेले. निम्म्या गावानं यावर विश्वास ठेवला. उरलेल्या निम्म्यानं सिंधुबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचं जाणंयेणं मला कळत नाही." सिंधुबाई खोटं बोलत नसत.

जूनच्या सुरुवातीला सरुबाई परत आल्याची सिंधुबाईंची चिठ्ठी मोरगावी आली; मास्तरांनी आपला ठिकाणा तेवढा त्यांना कळवून ठेवला होता. पळसदेवला मिरवणूक होती. मास्तर सुतळी आवळून निघाले. तिथं मोहनरावांसकट बारामतीची बरीच मंडळी आधीच येऊन बसली होती. बैलगाडी सजवली होती, गाडीत जातं होतं आणि त्याच्या खुंट्यात इतके हार होते की मास्तरांनी मोजायचं टाळलं. अठरापेक्षा जास्त होते एवढं दिसत होतं.

सरुबाईनं आधी मास्तरांचा पट्टा आणि ट्रंक परत दिली. मग हकीकत सांगितली. तिकडची माणसं चांगली होती. पडद्यामागं एक म्हातारी येऊन जात्याला हात लावून रडली, तिच्या आईकडं असंच होतं म्हणे. दळलेलं पीठ टाकून कसं द्यायचं, म्हणून चौघींनी उतरल्या हॉटेलाच्या स्वैपाकघरात शिरून भाकऱ्या थापल्या आणि तीन देशांच्या पथकांना जेवू घातलं.

"आन गुरुजी, वव्यांची एक नवी जोडी झाली तितं," ती म्हणाली. "इमानात बसल्यापास्नं मनात घोळत हुती, पन हातात खुंटा यीस्तवर आली न्हाय. तिकडच्यांनी तीन डाव म्हनायला लावली. दुभाष्यानं अर्थ सांगितला तशी आदी लई हसली, मंग समदी गप झाली."

मास्तरांनी सवयीनं वही काढली. जातं ओसरीवर आपल्या जागेवर बसलं, हळदकुंकू लागलं, सरुबाई आणि छबूबाईनं खुंट्याला हात घातला. सगळ्या गावासमोर, बारामतीकरांसमोर, सरुबाई गायली:

*कोट शिवला लोकरीचा, टोपी घेतली इलायती*
*जातं बसलं गं इमानात, बंधु ऱ्हायला बारामती*

आधी छबूबाई हसली, मग चंद्राबाई, मग अख्खं अंगण. मोहनराव तर खांबाला धरून हसत होते. मास्तरांचे कान तापले. ज्या गोष्टीसाठी तीन आठवडे मावशीच्या माजघरात काढले, ती परदेशात तीन वेळा गाऊन झाली होती. सरुबाईनं वर पाहिलं नाही. तिनं मूठभर जोंधळा टाकला आणि हात तसाच फिरत ठेवला:

*नव्हता पाठीला गं भाऊ, सरू दळीते एकली*
*बंधवानं माझ्या बाई, जागा जात्याला गं दिली*

मोहनरावांनी खांब सोडला. नुसती जात्याची घरघर राहिली. मास्तरांनी दोन्ही ओव्या उतरवून घेतल्या, नंबर चौदाशे बारा आणि चौदाशे तेरा. विषयाच्या रकान्याशी त्यांची लेखणी बराच वेळ थांबली. थट्टेला त्यांच्याकडं रकाना नव्हता. शेवटी त्यांनी दोन्हींपुढं 'भाऊ' असं लिहिलं, आणि डोळ्यांत पीठ गेल्याचं मोहनरावांना सांगितलं.

मग त्यांनी मागची पानं उलटून सरुबाईचं पान काढलं, 'निरंक' हा शब्द नीट खोडला आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं: एक. मुक्काम बारामती.